सदरच्या भिंतीवरचं अक्षर

लढाईच्या वर्षांत आमच्या जबलपूरच्या कारखान्यात तो रंगारी तोफगोळ्यांच्या पेट्यांवर नंबर रंगवायचा. निवडणुकीत शहरातल्या सदर बाजाराच्या भिंतींवर मंत्र्याचं आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं नाव काढायचा, वितीने मोजून अगदी सारखं. "दोघंही सारखेच चोर, बाबूजी. अक्षर लहानमोठं काहून काढू?"

प्रतिस्पर्ध्याची मर्जी मिळवायला मी, कारखान्यातला कारकून, या रंगाऱ्याकडून भिंतीवर लिहून घेतलं: 'मंत्रीजी, पुल का सीमेंट बँगले में कैसे?' ते वळणदार अक्षर शहराने सकाळीच ओळखलं. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून विचारलं, "मजकूर कोणाचा?" मी शेजारीच उभा होतो.

"अक्षर माझं, तर मजकूरही माझाच."

जाताना माझ्या कानाशी म्हणाला, "पुढच्या वेळी छोटं लिहा, बाबूजी. रंग फार लागला."

त्याची नोकरी गेली, मंत्री पुन्हा निवडून आले, मला पेन्शन मिळते. मजकूर माझा होता.