नरसूचा हातचा

गणितं सोडवायला मुलं जवळ घेऊन बसलं की उत्तरं कमी आणि किस्से जास्त जमतात! संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की भवानी पेठेतल्या आमच्या ओट्यावर शेजारची मुलं पाट्या घेऊन हजर. आमचे हे म्हणायचे, "तू शिकवतेस कमी, हसतेस जास्त!" आता हसू नको तर काय करू?

*

बिरू धनगराचा, होटगीकडून मामाकडे शिकायला आलेला. त्याला म्हटलं, "चाळीस मेंढ्यांतल्या पंधरा विकल्या, किती उरल्या?"

बिरूचा चेहराच उतरला.

"अरे, सोपं आहे की!"

"सोपं हाय, अक्का. पर येकदम पंधरा इकल्या म्हंजी साल लई वाईट असंल."

पुस्तकात सालाचं काहीच लिहिलेलं नव्हतं. 

*

नरसूचे वडील समोरच्याच घरात मागावर लुगडी विणायचे. घरात तेलुगू, ओट्यावर मराठी, पण पोरगी तल्लख! मी विचारलं, "एक विणकर सहा दिवसांत लुगडं विणतो, तर दोघं मिळून किती दिवसांत विणतील?"

"तीन!" नरसू म्हणाली.

मागावरून वडील ओरडले, "बारा! येका मागावर दोघं बसलं तर निम्मा टाइम भांडणात जातंय की!"

माणूस असा गमत्या, पण एका बाबतीत हट्टी. "औंदा फेल झाली तर शाळा बंद. मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसंल," असं त्यांनी बजावून ठेवलेलं. आणि नरसू बेरजेत हातचा हमखास विसरायची! 

*

मग मी युक्ती काढली. हातचा आला की डाव्या मुठीत चिंचोका धरायचा, पुढच्या घरात मिळवला की खाली ठेवायचा. नरसूला जमलं. बिरूची बेरीज मात्र चुकली.

"हातचा कुठं गेला रे?"

बिरू तोंड हलवत म्हणाला, "भाजल्याला व्हता, अक्का!"

*

परीक्षेला इन्स्पेक्टरसाहेब आले. मी शाळेच्या दाराशी उभी. घंटा झाली, पाट्या गोळा झाल्या आणि नरसू रडत बाहेर आली. मूठ अजून मिटलेलीच!

"अक्का, घाईत चार अन् तीन सात लिवलं. ह्यो मिळवायचा राहिला की!"

मी काही बोलायच्या आत ती वळली आणि थेट साहेबांच्या टेबलापाशी गेली. मीही मागोमाग. तिनं ढिगातून आपली पाटी काढली आणि साताच्या डोक्यावर चिंचोका ठेवला.

"सायेब, ह्यो पाटीवर यायचा राहिला."

साहेबांनी पाटी पाहिली, चिंचोका उचलून न्याहाळला. "बरं. आता माझ्यासमोर एक बेरीज कर. बरोबर आली तर पास!"

त्यांनी गणित घातलं आणि पेन्सिल पुढं केली. नरसूनं ती घेतलीच नाही. डोळे पुसून तिनं डावा हात पसरला.

"आधी माझा हातचा परत द्या!"