किसनरावांचं नाव घेते

"डोकं माझं आपटलंय, तुमी का येड्यागत करताय?" चौकशीला येईल त्याला ती हे सुनावायची. ती म्हणजे माझी मंडळी. तिचं नाव मी तिच्या जितेपणी घेतलं नाही, आता कागदावर कशाला घेऊ?

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या सोनईकडच्या बारवेचं पाणी पार तळाला गेलं होतं. घागर घेऊन पायऱ्या चढताना ती घसरली, डोकं दगडावर आपटलं. शुद्धीवर आल्या आल्या विचारती, "घागरीला पोचा आला का?" म्हटलं, बाई शाबूत आहे.

तरी नगरला दवाखान्यात नेली. डॉक्टर पोरसवदा, दुसऱ्या मुलखातला. म्हणाला, मेंदूला मार असेल, नसेलही. त्यानं गाव विचारलं, तिनं सांगितलं. घरात कोण कोण विचारलं, तिनं म्हशीसकट सांगितलं. मग म्हणाला, "नवऱ्याचं नाव?"

बाई गप. पदर पुढं ओढून खाली बघत बसली. पुन्हा विचारलं, तरी गप. डॉक्टरचं तोंड उतरलं. "हिची आठवण गेलीय, पुण्याला न्यावं लागेल." मी खिशातले पैसे मोजायला लागलो. खरं कारण मला तरी कुठं सुचलं!

कंपाउंडर खो खो हसत सुटला. "सायेब, आमच्याकडं बाया नवऱ्याचं नाव असं घेत न्हाईत. उखाण्यात घेत्यात."

"मग उखाण्यात घ्या."

तिनं खाटेवर मांडी घातली, घसा खाकरला.

"बारवेच्या पायरीवर घसरला पाय, किसनरावांचं नाव घेते, घरी सोडता का न्हाय?"

सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरनं सोडलं, पण बजावलं की वागण्यात काही फरक पडला तर लगेच आणा.

घरी तिनं एकदा चहात मीठ घातलं. मी गुमान प्यालो.

"कसा झालाय?"

"झकास."

"मी पन प्यालेय तो. मला डोकं न्हाई न् तुमाला जीभ न्हाई!"

मग एक दिवस थोरले भाऊ ओट्यावर बसले असताना आतून हाक आली, "किसन! ए किसन, जेवायला ये!"

भाऊंच्या तोंडातलं पान बाहेर आलं. गल्ली फिदीफिदी हसली. मी हसलो नाही. तुम्हीच सांगा, जी बाई डॉक्टरपुढं नाव घेईना, ती थोरल्या दिरापुढं अरेतुरे करते? तिला तशीच यष्टीत घातली.

डॉक्टरनं या खेपेला लई वेळ तपासलं. म्हणाला, "आतून मार आहे. जिवाला धोका नाही. पण पहिल्यासारखी होईल, असं सांगत नाही."

नाही झाली. पुढं जन्मभर, लग्नात असो की मयतीत, मी किसनच. सुना तोंडाला पदर लावायच्या. भाऊ म्हणायचे, "तिला आवर." मी म्हणायचो, "हाक मारतीय, शिवी देतीय का?"

यंदा ती गेली. आता घरात सगळे आबा म्हणतात. दुपारी जेवणवेळेला मी ओट्यावर बसून राहतो. सून आतून म्हणते, "आबा, ताट वाढलंय."

मी म्हणतो, "थांब जरा."