लाल दवेचं घमेलं

देवळाबाहेर चपला काढणारी माणसं उज्जैनमध्ये हवी तेवढी सापडतील, पण दुसऱ्यांच्या चपला उलट्या करून त्यांचे तळवे तपासणारा माणूस या अख्ख्या शहरात एकच आहे, आणि तो नेमका आमच्या नशिबी आला. हे माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. सगळी नोकरी हिमाचलच्या डोंगरांत, ट्राउट माशांच्या सरकारी केंद्रात झाली. ट्राउट म्हणजे थंड, वाहत्या पाण्यातला फार नाजूक मासा, आणि आतोबा त्याचे डॉक्टर. स्वतः इतके शाकाहारी की चातुर्मासात कांद्याचा वाससुद्धा नको. पण माशाला कोणता रोग होतो आणि तो एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात कसा पोचतो, हे मात्र ऐन जेवणाच्या पंगतीत, श्रीखंडाची वाटी हातात धरून सांगणार. "रोग स्वतः चालत नाही गं, आपण त्याला उचलून नेतो," असं म्हणायचे आणि माझ्या पायांकडे संशयाने बघायचे. मी फ्रीगंजातल्या बँकेतून थेट आलेली असायची, ट्राउटची आणि माझी सात जन्मांत गाठ नव्हती, तरी मी पाय मागे घ्यायची.

निवृत्त होऊन दोघं नानाखेड्याला राहायला आली, तेव्हा लोक दाराशी तुळस ठेवतात, आतोबांनी घमेलं ठेवलं. प्लास्टिकचं, आणि त्यात लाल दवेचं पाणी. विहिरीत टाकतात ती लाल दवा. येणाऱ्याने आधी ब्रशने चपलेची माती काढायची, मग चप्पल घमेल्यात बुडवायची, मग उन्हात ठेवायची. "माती काढा, धुवा, सुकवा. सुकवल्याशिवाय धुण्याला अर्थ नाही!" हा त्यांचा मंत्र. गुलाबी पाण्याचे तपकिरी डाग फरशीवर कायमचे बसले. आत्याने पहिलं वर्षभर घासून पाहिलं आणि मग हात टेकले. एकदा माझ्या नणंदेला बघायला पाहुणे येणार होते, ते पत्ता चुकून आधी आतोबांकडे गेले. मुलाचे नवेकोरे पांढरे बूट घमेल्यातून निघाले ते चहाच्या रंगाचे. लग्न ठरलं, पण त्यांच्या घरचे अजून आमच्याकडे यायचं म्हटलं की चपला गाडीतच काढून येतात.

शेजारच्या भाभीजी हरिद्वारहून आल्या आणि प्रसादाबरोबर गंगाजलाची बाटली देऊन गेल्या. उरलेलं गंगाजल त्या दुसऱ्या दिवशी रामघाटावर क्षिप्रेत अर्पण करणार होत्या. एवढं कानावर पडलं मात्र, आतोबा ताडकन उठले. त्यांच्याकडून सगळ्या बाटल्या मागून आणल्या आणि कुकरमध्ये तीन शिट्ट्या काढल्या! भाभीजी धावत आल्या. "भैयाजी, गंगाजल भी कोई उबालता है क्या?" आतोबा हात जोडून म्हणाले, "भाभीजी, गंगामैया पर शक नहीं है. पर ये बोतल किसने धोई थी?" भाभीजींनी आठ दिवस अबोला धरला. आत्याने डबाभर पुरणपोळ्या नेऊन दिल्या तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

आणि शनीचं प्रकरण तर विचारूच नका. शनीची पीडा टळावी म्हणून ज्योतिष्याच्या सांगण्यावरून एक गृहस्थ पिशवीतून रंगीत मासे घेऊन घाटावर आले होते, नदीत सोडायला. आतोबांनी त्यांना पायरीवरच अडवलं. "कहाँ का पानी है? कितने दिन अलग रखा?" त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! शेवटी मासे आतोबांच्या न्हाणीघरात, टबात, तीन आठवडे देखरेखीखाली राहिले आणि आत्या-आतोबा आंघोळीला आमच्या घरी येत राहिले. एकविसाव्या दिवशी आतोबांनी निकाल दिला, "रोग नाही, पण हे इथले नाहीत." मासे दुकानात परत गेले. त्या गृहस्थांच्या शनीचं पुढे काय झालं कोण जाणे.

या सगळ्यात आत्याचं एकच मागणं होतं. तिला तिच्या ओढ्यात एकदा पाय घालायचे होते. त्यांच्या सरकारी घराच्या मागूनच ट्राउटचा ओढा वाहायचा. तरुणपणी मटार सोलायची, पत्र लिहायची ती त्याच्याच काठी. दर उन्हाळ्यात ती विचारायची, "अहो, जाऊ या ना एकदा?" आणि दर उन्हाळ्यात आतोबांकडे नवं कारण तयार असायचं. कधी रस्ता खचलेला, कधी स्वतःचा दमा. मग आत्याचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, जिथे जायचं असेल तिथे या वर्षीच जाऊन या, पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही. तरी आतोबा नाहीच म्हणाले. मला राग आवरेना. "जगातल्या माशांची काळजी आहे तुम्हाला, आणि घरातल्या माणसाची?" असं मी तोंडावर बोलले.

आतोबांनी चष्मा काढून पुसला. मग हळू आवाजात सांगू लागले. नोकरीत असताना एकदा पलीकडच्या दरीतल्या ओढ्यात मासे आजारी पडले होते, ते तपासून ते दुपारी परतले होते. नियम असा, की ओले गमबूट फाटकाशीच उतरवायचे. पण फाटकात चपराशी ओरडत आला, "साब, मेमसाब सीढ़ी से गिर गईं!" घर ओढ्यापलीकडे आणि पूल लांब होता. आतोबा त्याच बुटांनी ओढ्यातून सरळ धावत गेले. आत्याचा पाय नुसता मुरगळला होता. पण काही आठवड्यांनी त्या ओढ्यातली पिल्लं जागच्या जागी गोल गोल फिरायला लागली आणि मरून काठाला लागली. "साहेबांना मी स्वतः सांगितलं. ते म्हणाले, पक्ष्याच्या पायांतूनही आला असेल रोग. असेलही. पण बूट माझे ओले होते. तिला कधी सांगितलं नाही मी. कसल्या तोंडाने जाऊ तिथे?"

"मला ठाऊक आहे," स्वयंपाकघरातून आत्या म्हणाली. आम्ही दोघंही दचकलो. ती भिंतीला धरत बाहेर आली. "चपराश्याने तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही कधी सांगताय म्हणून वाट बघत होते, बस. माझ्यासाठी धावलात ना? मग आता माझ्यासाठी चला."

मग काय! मे महिन्याच्या उन्हात दोघांचे नवे गमबूट पंचवीस दिवस गच्चीवर वाळले. कोरे बूट कशाला वाळवायचे, हे विचारायची माझी छाती नव्हती. सामान उचलायला म्हणून मी बरोबर गेले. तिथल्या तरुण साहेबाने फाटकाशी औषधाचं पाणी ठेवलेलं होतं, ते आतोबांनी वाकून, निरखून बघितलं आणि "हूं" म्हणाले. ही त्यांची सर्वांत मोठी शाबासकी.

आत्याला बूट नको होते, तिला उघडे पाय घालायचे होते. आतोबा खाली बसले. तिचा एकेक पाय मांडीवर घेऊन त्यांनी नखांतली माती ब्रशने काढली, पाय औषधाने धुतला, टॉवेलने एकेक बोट कोरडं केलं. चारचौघांत बायकोचं नाव न घेणारा हा माणूस! मी उगाच डोंगर बघत राहिले. मग एकमेकांचा हात धरून ती दोघं पाण्यात उतरली. पाणी एवढं थंड की आत्या किंचाळलीच. पण आतोबा डोळे मिटूनच उभे होते. आत्याने त्यांचा हात हलवला. "अहो, खाली बघा तरी. सरळ पोहतायत." आतोबांनी बघितलं, आणि बघतच राहिले. किती वेळ, ते मी मोजलं नाही.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. आत्या घरातल्या घरात फिरते, आतोबांना जिना चढवत नाही. डोंगरात आता कोणी जाणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. तरी दर रविवारी मी नानाखेड्याला जाते, घमेल्यात चपला बुडवते आणि आतोबांच्या हातून ते दोन जोड गमबूट घेऊन गच्चीवर उन्हात ठेवून येते. खाली आले की ते विचारतात, "आतूनसुद्धा सुकले ना गं?" मी हो म्हणते.