आईची पुस्तिका आणि माझा गेमिंग मॉनिटर

तुम्ही कधी स्वतःच्या हावेला तत्त्वाचे कपडे घालून बाजारात नेलं आहे का? मी नेलं आहे. औरंगपुऱ्यातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात, आणि तिथं तिच्या बाजूनं भाषणही ठोकलं आहे.

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पुस्तिका होत्या. पिन मारलेल्या, सभेच्या बाहेर सतरंजीवर विकायला मांडलेल्या. मी वाचायला त्यांच्यावरच शिकलो. त्यामुळं लहानपणी वाटीभर दूध जास्त हवं असलं तरी मी आधी अन्यायाची पार्श्वभूमी सांगायचो.

गेल्या वर्षी आईनंच एक पुस्तिका लिहिली. ती आणि वस्तीतल्या बाया वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. दुसऱ्या पाळीची बस त्यांना अंधारात हायवेवर सोडून निघून जायची. एकदा कुणी उतरलंच नाही. बस वस्तीच्या तोंडाशी येईपर्यंत सगळ्या गप्प बसून राहिल्या. पुढं रोजच तसं करू लागल्या, आणि शेवटी थांबा वस्तीजवळ आला. आईनं हे सगळं एकेका बाईच्या नावासकट लिहिलं. त्यातल्या बऱ्याच जणी उतारवयात, विहारातल्या वर्गात अक्षरं शिकल्या होत्या. “त्यांनी आपलं नाव आपल्या डोळ्यांनी वाचावं,” एवढंच तिचं म्हणणं. पुस्तिका विहारात वाटायची होती. पानांची मांडणी माझ्याकडं.

लॅपटॉपच्या पडद्यावर रेघा आल्या होत्या, म्हणून मॉनिटर घ्यायला गेलो. दुकानात दोन शेजारी शेजारी मांडले होते. एक ऑफिसच्या कामाचा: सपाट, काळा, चेहऱ्यावर काहीच भाव नसलेला. पण तो फिरवून उभा करता यायचा, म्हणजे छापील पान जेवढं असतं तेवढं, वरपासून खालपर्यंत एकदम दिसायचं. दुसरा गेमिंगचा: लांबरुंद, कमानीसारखा वळलेला, पाठीमागं लाल दिवे. त्याच्यावर मोटारींची शर्यत चालू होती. माझा जीव त्या शर्यतीत कधीच जाऊन बसला होता.

दुकानदारानं विचारलं, “भाऊ, काम करना है के खेलना है?”

“हा प्रश्नच चुकीचा आहे,” मी सुरू झालो. “कष्टकऱ्यानं फक्त काम करायचं आणि खेळायचं दुसऱ्यांनी, हे कुणी ठरवलं? फुरसत हा हक्क आहे!”

“हौ भाऊ, हक्क है,” तो म्हणाला. “वोइच पॅक करूं ना फिर? पीछे गिऱ्हाईक खडे हैं.”

घरी खोकं उघडल्यावर आईनं पडदा वितीनं मोजला.

“लई रुंद हाय रे. पान तर उभं असतंय.”

“दोन पानं शेजारी शेजारी दिसतात, आई.”

“अन् मागं लाल दिवा कशाला?”

“तो क्रांतीचा रंग आहे.”

“आपला निळा हाय.”

दिव्याचा रंग बदलता येत होता. मी निळा केला आणि वैचारिक वाद मिटवला.

पुस्तिका सोळा पानांची ठरलेली. आईचा मजकूर त्यात नेमका बसत होता. पण प्रस्तावनेशिवाय पुस्तिका निघते कशी? मी ती लिहिली. जागतिक भांडवलापासून निघालेली माझी प्रस्तावना चौथ्या पानाच्या तळाशी कशीबशी बायांच्या बसपर्यंत पोचली. आता एकतर तिला कात्री लावायची, नाहीतर अक्षर बारीक करायचं. कात्री लावणं म्हणजे विचारांची गळचेपी. मी अक्षर बारीक केलं. त्या पडद्यावर मी एकच पान इकडून तिकडं ताणून ठेवायचो, त्यामुळं अक्षर अंगठ्याएवढं होतं ते सुपारीएवढं झालं. आणखी बारीक केलं, तरी हरभऱ्याएवढं दिसत होतं. म्हटलं, जागाच जागा आहे. आणि मग शर्यत खेळायला बसलो.

आमच्याकडं छापायला देण्याआधी आई कच्ची प्रत कागदावर वाचते. या खेपेला मी म्हणालो, कागद कशाला, पडद्यावरच बघ. तिनं बाजेवर बसूनच सगळं वाचलं. “चष्म्याबिगर दिसतंय की रं!” म्हणाली. तिचं ते हसू मी माझ्या मांडणीच्या खात्यावर जमा केलं.

विहारात वंदना झाली, पुस्तिका वाटल्या. बायांनी त्या लांब धरल्या, जवळ धरल्या, मग खिडकीकडं नेल्या.

“ह्या मुंग्या कुणी सोडल्या गं?”

“माझं नाव कुठंय? दाव की.”

आईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिनंच लिहिलेलं नाव तिलाच सापडेना. मी मध्ये पडून पान सांगायला लागलो, तेव्हा तिच्या सोबत कामाला असलेली एक म्हातारी माझ्याकडं वळली.

“फुडली चार पानं कुणाची?”

“माझी, मावशी. प्रस्तावना आहे.”

“म्हंजे आमच्या सीटावर तू बसला व्हय, लेका?”

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसलो, दुसरं करणार काय? आई हसली नाही. ती एकेक ओळ बोटानं चाचपत नाव शोधत होती.

घरी येताना मी म्हणालो, “मोठ्या अक्षरात पुन्हा छापू.”

“छाप. पर ह्या वाटल्यात त्येचं काय? बायांनी पिशवीत घालून घरी नेल्यात. कुणाची करमाडला गेली, कुणाची कुठं.”

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या घरात निळ्या पुठ्ठ्याची, वर बसचं चित्र असलेली पुस्तिका कुणी आणून ठेवली असेल, तर जिनं आणली तिच्याजवळ जाऊन बसा. मोठ्यानं, सावकाश वाचून दाखवा. पाचव्या पानापासून सुरू करा, आधीची सोडून द्या. तिचं नाव आलं की तिथं थांबा, ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तिच्या हातात द्या, आणि ती स्वतः वाचेपर्यंत काही बोलू नका.