स्मरणिकेत न छापलेलं पान

होडीला हात लावण्याआधी ते बोटाच्या पेराने तिच्या फळीवर टकटक करायचे आणि कान लावायचे. "बोलते का बघतो," म्हणायचे. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर फळी आतून कुजलेली. मग तुम्ही कितीही मोठे साहेब असा, त्या दिवशी ती होडी तुम्हाला मिळायची नाही.

भाट्याच्या खाडीवर आमचा शिडाच्या होड्यांचा क्लब होता. चार होड्या, एक पत्र्याची शेड, आणि सभासद म्हणजे वकील, डॉक्टर, माझ्यासारखे एकदोन मास्तर. होड्या सांभाळायला हे. तरुणपणी गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते, म्हणून आम्ही सगळे त्यांना तांडेलच म्हणायचो. रविवारी आम्ही ऐटीत पाण्यात जायचो आणि होडी कलंडली की बोंबलायचो, "तांडेल!" ते सावकाश वल्हवत यायचे. "घाई कोणाला हाय? वाऱ्याला तर नाय," एवढंच बोलून, शाळा चुकवलेल्या पोराला न्यावं तसं आम्हाला काठावर न्यायचे.

अठ्ठ्याण्णव साली क्लबची स्मरणिका काढायचं ठरलं. इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मराठी शिकवतो ना! दप्तर उघडलं तर नुसते सभांचे ठराव. मग तांडेलांकडे जाऊन बसू लागलो. ते होडीला तेल लावत बोलायचे, मी लिहून घ्यायचो. पहिली होडी त्यांनी दाभोळहून एकट्याने शिडावर आणली होती. वादळात बुडालेली दुसरी, त्यांनीच बुड्या मारून दोर बांधून वर काढली. आमच्या अध्यक्षांना पोहायलाही त्यांनीच शिकवलेलं.

"सर, ह्यात माझं येल ना?" त्यांनी एकदाच विचारलं.

"येईल म्हणजे? पहिलं पान तुमचं!"

अध्यक्षांनी मजकूर चाळला आणि नेमकं तेच पान बाजूला काढलं. "अहो, हा पगारी माणूस. मग पदाधिकाऱ्यांचे फोटो कुठे घालायचे?" तुम्ही म्हणाल, मी भांडलो असेन. कसलं काय! मी मान डोलावली.

प्रकाशनाच्या दिवशी तांडेल इस्त्रीचा सदरा घालून आले. मराठी अक्षर त्यांना वाचता यायचं नाही. अंक माझ्या हातात देऊन म्हणाले, "सर, माझं वाचा." खरं सांगायला तोंड उघडलं, पण जीभ रेटेना. अध्यक्षांच्या फोटोवर नजर ठेवून मी मनानेच वाचत सुटलो. दाभोळ, वादळ, त्या बुड्या, सगळं. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी त्या पानावर पेराने टकटक केली, कान लावला आणि हसून निघून गेले. मला वाटलं, गंमत केली.

पुढे सभासद पांगले, क्लब बंद पडला, होड्या शेडमध्येच कुजल्या. तांडेल दम्याने घरी बसले. मी भेटायला गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार होतो? ते गेल्याचंसुद्धा मला चार दिवसांनी कळलं.

तेव्हा मात्र गेलो. त्यांच्या मुलीने कपाटातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली स्मरणिका काढली.

"सर, अब्बांनी त्याच दिवशी ही माझ्याकडून वाचून घेतली होती. मी म्हटलं, अब्बा, ह्यात तुमचं कायच नाय. तर म्हणाले, ठाऊक हाय मला. बद्द वाजलं होतं."

मला तिच्याकडे बघवेना. लाज वाटली, फार लाज वाटली.

"रागावले नव्हते ते," ती म्हणाली. "शेवटी शेवटी सांगायचे, सर कधी आले तर ही त्यांच्याकडे दे. त्या दिवशी जे वाचलंत, ते ह्यात लिहून द्या म्हणावं."

शेवटचं पान कोरं होतं. मी खिशातलं पेन काढलं. पहिलं वाक्य त्यांच्या नावाने सुरू करायचं म्हणून पेन टेकवलं आणि हात तिथेच थांबला. मान वर करून मला तिला विचारावं लागलं,

"बेटा, तुझ्या अब्बांचं नाव काय?"