निळी ताडपत्री आणि बाबांचा पुरस्कार

माझे वडील एका मंगळवारी सकाळी साडेदहाला वारले आणि दुपारी दोनच्या एसटीने परत आले. या दोन घटनांच्या मधल्या साडेतीन तासांना सर्वस्वी मी जबाबदार आहे, असं आमच्या गावात आजही मानलं जातं. ते खरं आहे. पण मूळ दोष त्या पुरस्काराच्या अर्जाचा होता, आणि हे मी मरेपर्यंत म्हणत राहणार.

आमचं गाव आचऱ्याजवळ. बाबांचा मंडपाचा व्यवसाय. ताडपत्र्या, खुर्च्या, मोठी पातेली, सगळं भाड्याने मिळतं. बाबांना गाव दाजी म्हणतं. त्यांचा एक नियम आहे: लग्नाला भाडं, मयताला नाही. कुणाकडे माणूस गेलं की बाबा निरोपाची वाट बघत नाहीत. त्या घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, निळी ताडपत्री बांधतात, खुर्च्या मांडतात आणि निघून येतात. त्याबद्दल पुढे कधी चकार शब्द काढत नाहीत. लग्नाला रंगीत कापड, मयताला निळी ताडपत्री. सगळ्या गावाला हे पाठ आहे. आमची निळी ताडपत्री दिसली की लोक हातातलं काम टाकून त्या घराकडे चालू लागतात.

आमच्या तालुक्यातली व्यापाऱ्यांची एक संघटना दरवर्षी सचोटीने धंदा करून समाजसेवा करणाऱ्याचा सत्कार करते. ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या वर्षी तो मान एका रिसॉर्टवाल्याला मिळाला होता. का, तर त्याने किनारा साफ केला म्हणून! (तो कचरा त्याच्याच पार्टीचा होता. आदल्या रात्री त्या पार्टीच्या गोंगाटाने आम्हाला झोप नव्हती, म्हणून मला माहीत.) पेपरात ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले. ते हातीपायी धड आहेत तोवर कुणीतरी त्यांच्या खांद्यावर शाल घालावी, एवढीच माझी इच्छा होती. मी जाऊन अर्ज घेऊन आलो.

अर्जात दोन गोष्टी सक्तीच्या होत्या. एक, सेवाकार्य चालू असतानाचे फोटो. दोन, लाभार्थ्याचं पत्र. आता मला सांगा, मयताच्या घरी खुर्च्या लावताना फोटो कोण काढतं? 'जरा इकडे बघा' असं तिथे कुणाला म्हणायचं? ज्यांनी हा अर्ज छापला त्यांच्या घरी कधी कोणी वारलंच नव्हतं की काय? मी बाबांकडे नुसता विषय काढला.

"मेलेल्याच्या घराक जावन सही मागतलस?" बाबा म्हणाले. "लाज नाय वाटत तुका?"

एवढं बोलून ते माडाला पाणी घालायला गेले. त्यांच्या मते विषय संपला होता.

माझ्या मते नव्हता. सोमवारी बाबा बांद्याला भाचीकडे मुक्कामाला गेले. येताना तिथल्या बाजारातून नवी ताडपत्री आणणार होते. (मोबाईल नेहमीप्रमाणे घरी कपाटात. हरवू नये म्हणून ते तो कधी बाहेर नेत नाहीत!) मी ठरवलं, मंगळवारी सकाळी दहा मिनिटांत एक फोटो काढून घ्यायचा. फक्त एक खळं हवं होतं. वाडीतल्या चार घरी विचारलं. चारही घरांनी मला पायरीवरूनच परत पाठवलं, आणि एका म्हातारीने तर माझ्या मागे पाणी शिंपडलं. शेवटी राहिलं आमचंच खळं.

सुनंदा, म्हणजे माझी बायको, दारात आडवी उभी राहिली. "अवो, ह्या काय बरा दिसणा नाय," ती म्हणाली. मी तिला समजावलं की हा फक्त फोटो आहे आणि एकविसाव्या शतकात असलं काही मानायचं नसतं. त्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने भांडी जोरजोरात घासायला घेतली. आमच्याकडे त्याचा अर्थ 'करा काय करायचं ते' असा होतो.

निळी ताडपत्री बांधली. तीस खुर्च्या मांडल्या. आचऱ्याहून माझा चुलतभाऊ सुहास कॅमेरा घेऊन आला. त्याचा तिथे स्टुडिओ आहे. 'दिसेल ते काढत राहा' अशी मी त्याला सक्त सूचना दिली. आता दुःखी कुटुंब हवं होतं. मी स्वतः मान खाली घालून बसलो आणि शेजारच्या रोझीमावशीला बोलावलं, कारण तिचा चेहरा मुळातच गंभीर आहे.

"माका रडूक येणा नाय रे, प्रकाशा," मावशी म्हणाली. "मेलो कोण, ता तरी सांग."

मी म्हटलं, कुणी नाही, पण तू एखादी वाईट गोष्ट आठव. मावशीने क्षणभर डोळे मिटले. तिला तिचा माड आठवला. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिने लावलेला, आणि गेल्या वर्षी रस्ता रुंद करताना तोडलेला. मग जो काही तिने हंबरडा फोडला! सुहासच्या हातातून कॅमेरा सुटता सुटता राहिला. नेमकी त्याच वेळी रस्त्यावरून मासेवाली चालली होती. तिने निळी ताडपत्री बघितली, रडणारी मावशी बघितली, मान खाली घातलेला मी बघितला आणि दाजी कुठे दिसत नाहीत हेही बघितलं. ती तशीच माघारी फिरली. घड्याळात साडेदहा झाले होते.

पाच मिनिटांत वाडीतले पाचसहा जण आले आणि न बोलता खुर्च्यांवर बसले. मला वाटलं, सुनंदाचं मन पालटलं आणि तिनेच फोटोसाठी माणसं बोलावली. आणखी दहा आले. मग वीस. काय सांगू, एकेकाचा अभिनय! कुणी डोळे पुसतंय, कुणी सुस्कारे टाकतंय. ज्या म्हातारीने सकाळी पाणी शिंपडलं होतं तीही कपाळाला हात लावून बसली. (नंतर कळलं, तिला वाटलं की मी दुःखाने वेडा होऊन घरोघर खळं मागत फिरत होतो.) मयताच्या घरी कुणी काही विचारत नाही. येतात, बसतात. त्यामुळे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. (देह बांद्याहून यायचाय, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, हेही मला नंतरच कळलं.) माझ्या बाबांसाठी गाव एवढं कामधंदा सोडून येतं, हे बघून माझाच ऊर भरून आला. मी एकेकापुढे हात जोडत होतो. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. सुहास धडाधड फोटो काढत होता.

खुर्च्या संपल्या. तेवढ्यात दारात टेम्पो थांबला आणि इब्राहिमभाई उतरले. हे बाजारपेठेतले मंडपवाले, म्हणजे आमचे धंद्यातले एकमेव प्रतिस्पर्धी. लग्नसराईत बाबा आणि ते एकमेकांशी शब्द बोलत नाहीत. त्यांनी स्वतः खुर्च्या उतरवून मांडल्या आणि मला मिठी मारली.

"साठ खुर्च्यो आणलंय," ते म्हणाले. "लागल्यो तर आणखी धाडतंय. दाजी म्हणजे मोठो माणूस."

प्रतिस्पर्धीसुद्धा बाबांच्या पुरस्कारासाठी धावून आला! मला खरंखुरं रडू फुटलं. सुहासने तोही फोटो काढला.

मग बांबू घेऊन चौघं जण आले. मला नवल वाटलं. ताडपत्री तर बांधून झाली होती. त्यातला एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ वाकला आणि हळूच विचारता झाला, "दाजींची उंची किती असात रे?"

"साडेपाच फूट," मी म्हणालो. आणि मग माझ्या पायाखालची जमीन सरकली.

मी आत धावलो. कपाटात बाबांचा मोबाईल एकसारखा वाजत होता. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाबांचा फोटो लागला होता आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग होती. पेडण्याला दिलेली माझी बहीण गाडी करून निघाली होती. मी सुनंदाला म्हटलं, तू बाहेर जाऊन सांग. तिने घासत असलेलं पातेलं खाली ठेवलं. "ताडपत्री मी बांधूक नाय," ती म्हणाली. मुद्दा बिनतोड होता, बांधली मीच होती. मी बाहेर आलो, दोनशे माणसांपुढे उभा राहिलो आणि तोंड उघडलं. 'बाबा...' एवढंच बाहेर पडलं. लोकांनी मला हळुवारपणे खाली बसवलं आणि पाणी पाजलं. मी पुन्हा उठलो. त्यांनी पुन्हा बसवलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा दोघांनी माझे दंडच धरून ठेवले.

दोनची एसटी आली. बाबा खांद्यावर नव्या ताडपत्रीची गुंडाळी घेऊन उतरले. त्यांना वळणावरून आपलं खळं दिसलं. खांद्यावरची गुंडाळी रस्त्यात पडली आणि ते धावत सुटले. मी त्यांना धावताना पहिल्यांदाच बघितलं. माझे दंड धरलेले दोघं त्यांना बघून मागे सरकले. त्यांनी आधी मला हाताने चाचपलं, मग दाराकडे बघितलं.

"सुनंदा खंय?" ते म्हणाले. "कोण गेला?"

सुनंदा दारात आली तेव्हा ते मटकन खुर्चीत बसले. तो चेहरा आठवला की मला आजही स्वतःची लाज वाटते. मग कुठे मला बोलायला मिळालं आणि मी फोटोचं सगळं सांगून टाकलं.

लोक खवळले. खवळतील नाही तर काय? एकाने समुद्रात जाणारी होडी थांबवली होती. एकाने दुकान बंद केलं होतं. बांबूवाल्यांचा प्रश्न तर साधा होता, तोडलेल्या बांबूंचं आता करायचं काय? त्यांच्यातल्या एकाने माझ्याकडे बघून ते वापरायचा एक मार्ग सुचवलाही. बाबांनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले.

"ही ताडपत्री बांधताना दरवेळी मी देवाक सांगत होतंय," ते मला म्हणाले, "माझ्या डोळ्यांसमोर ही माझ्या खळ्यात नको. आणि तू ती फोटोक बांधलंस?"

बाबांनी सगळ्यांची माफी मागितली. मग शेजाऱ्यांनी मयताच्या घरासाठी म्हणून आणलेली पेज त्यांनी मागून घेतली आणि दोन वाडगे संपवले. प्रवासाने त्यांना भूक लागली होती.

अर्ज मी भरलाच नाही. महिनाभराने संघटनेची दोन माणसं घरी आली. पुरस्कार इब्राहिमभाईंना जाहीर झाला होता! त्यांनी अर्जसुद्धा केला नव्हता. झालं असं की संघटनेची मंडळी त्या दिवशी बाबांच्या समाचाराला आमच्याच खळ्यात बसली होती. प्रतिस्पर्ध्याच्या दारात कुणी न बोलावता साठ खुर्च्या घेऊन येणारा माणूस त्यांनी डोळ्यांनी बघितला होता. फोटो सुहासने दिला होता. (मी बोलावलेल्या सुहासने!) आता फक्त लाभार्थ्याचं पत्र हवं होतं, म्हणून ते माझ्याकडे आले होते. मी संतापाने बाबांकडे बघितलं.

"तो खरा समजान इलो," बाबा म्हणाले. "तुका म्हायत होता कोण मरूक नाय, तरी माणसांका रडूक बसवलंस. लिही."

मी लिहिलं.

सत्काराच्या दिवशी बाबा पहिल्या रांगेत बसले आणि इब्राहिमभाईंना शाल घातली तेव्हा सगळ्यांत जास्त टाळ्या त्यांनी वाजवल्या. व्यासपीठामागे तो फोटो भिंतभर लावला होता. त्यात इब्राहिमभाई, मागे साठ खुर्च्या आणि मध्ये हात जोडून ढसाढसा रडणारा मी. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'उपकृत लाभार्थी'. मग लाभार्थ्यालाही वर बोलावून नारळ दिला. समाजसेवेसाठी आमच्या घराण्याला व्यासपीठावर मिळालेला हा पहिलाच नारळ, आणि तो मला मिळाला, न मेलेल्या बापासाठी फुकटच्या खुर्च्या घेतल्याबद्दल.