अक्कांची पहिली शर्यत

अक्कांना हळू चालणं ठाऊकच नव्हतं. दूध आणायला निघाल्या तरी बघणाऱ्याला वाटावं, बाईंच्या घरी काहीतरी उतू चाललंय. बंगळूरला कारखान्याच्या कॉलनीत आमची बिऱ्हाडं शेजारीशेजारी. साठ सालानंतरची गोष्ट. मी पुण्याहून नुकतीच लग्न होऊन आलेली. त्यांच्याबरोबर चिकपेटेत खरेदीला गेले की माझी खरेदी राहायची बाजूला, गर्दीत त्यांचा अंबाडा शोधण्यातच जीव अर्धा व्हायचा. मग पुढून हाक यायची, "पुणेकरीण, स्वल्प पाय उचल की गं! पाय आपले, रस्ता सरकारचा, मग अडतंय कुठं?"

अक्का बेळगावकडच्या. मराठीत कानडी आणि कानडीत मराठी अशी बेमालूम कालवायच्या, की भाजीवाली आणि मी, दोघींनाही त्या आपल्याच वाटायच्या. यजमान कारखान्यात फोरमन, स्वभावानं गरीब गाय. घरातलं बोलणं सगळं अक्कांच्याच वाट्याला आलेलं, आणि त्यांनी ते कधी वाया जाऊ दिलं नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र त्या बोलत नसत. मी येण्याच्या जरा आधी अक्का सॅनेटोरियममधून परतल्या होत्या. क्षय झाला होता. औषधांनी पूर्ण बऱ्या झाल्या, डॉक्टरांनी तसं स्वच्छ सांगितलं. पण डॉक्टरांचं ऐकतो कोण? हळदीकुंकवाला अक्का आल्या की शेजारची जागा आपोआप रिकामी व्हायची, कुंकवाचा करंडा त्यांच्यापुढे नुसता सरकवला जायचा. आया मुलांना "इकडे ये रे, पडशील" म्हणून ओढून घ्यायच्या. सपाट फरशीवर बसलेलं पोर पडणार कुठं, हे कुणी विचारू नये! अक्कांना सगळं दिसायचं. घशात नुसतं खवखवलं तरी उठून आत जायच्या आणि तोंडावर पदर दाबून खोकायच्या. चारचौघांत खोकायची त्यांना चोरी होती.

अशात कारखान्याच्या क्लबनं क्षयरोग्यांच्या नव्या वॉर्डासाठी मदत उभी करायला एक शर्यत ठरवली. कारखान्याच्या फाटकापासून निघायचं, अलसूरच्या तळ्याला वळसा घालून कॉलनीच्या मैदानावर यायचं. बायकांनाही मुभा होती. आमच्या महिला मंडळाची सभा भरली. सेक्रेटरीणबाई कामं वाटत होत्या. (त्यांना खऱ्या नावानं कुणीच हाक मारत नसे. बाई कडक, पण मनानं वाईट नव्हेत.) वाटता वाटता त्या म्हणाल्या, "अक्का, तुम्ही सरबताच्या टेबलावर..." आणि अडखळल्या. "नको, तुम्ही आपल्या नुसत्या बसा. दगदग नको."

 क्षयरोग्यांसाठीच सगळी धडपड, आणि बऱ्या झालेल्या बाईच्या हातचं सरबत नको! माझं तर डोकंच फिरलं. पण अक्का शांतपणे म्हणाल्या, "बसून बसून कंटाळा आला की हो. सॅनेटोरियममध्ये तेवढंच केलं. मी धावते."

"धावता?"

"होय की. धावलेली बाई आजारी आहे असं कोण म्हणतंय, बघूया."

म्हणजे त्यांना बक्षीस नको होतं. सगळ्या कॉलनीदेखत शेवटपर्यंत धावून दाखवायचं होतं, आणि आजारपणाचा विषय एकदाचा मिटवायचा होता. मध्येच थांबल्या असत्या तर "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" म्हणायला सगळ्या टपलेल्याच होत्या.

डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून उजाडता उजाडता आमची तालीम सुरू झाली. आमची म्हणजे, त्या धावायच्या आणि मी त्यांच्या चपला हातात धरून मागून यायची. पहिल्या दिवशी पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन अक्का मटकन खाली बसल्या. चालणं वेगळं आणि धावणं वेगळं, हे दोघींनाही तिथं कळलं. मी घाबरून म्हटलं, "अक्का, राहू दे." त्या धापा टाकत म्हणाल्या, "श्वास गेला कुठं नाही गं, स्वल्प मागं राहिलाय. येईल." आणि आला की! रोज थोडा थोडा पुढे आला. टाकी मागे पडली, मग शाळा, मग तळंही.

शर्यतीच्या सकाळी अक्का बाहेर आल्या त्या इरकली नऊवारीत. काष्टा घट्ट मारलेला, पायात यजमानांचे कॅनव्हासचे बूट, पुढे बोटांशी कापूस कोंबलेला. धावायला आलेल्या दोन कॉलेजच्या पोरी हसल्या. अक्का त्यांना म्हणाल्या, "हसा, हसा. तुमच्या साड्या पायात आल्या म्हणजे मी थांबून उचलीन हो तुम्हाला!"

मी अक्कांच्या यजमानांच्या स्कूटरवर मागे बसून रस्त्याच्या कडेकडेनं गेले. तळ्यापर्यंत अक्का छान गेल्या. तिथं एक लॉरी धूळ उडवत गेली आणि अक्कांना खोकला आला.  दोन्ही बाजूंना कॉलनीची माणसं उभी. मला वाटलं, आता पदर शोधणार, तोंड लपवणार, घरी चला म्हणणार. पण अक्का कमरेवर हात ठेवून भर रस्त्यात उभ्या राहिल्या, पोटभर खोकल्या, डोळे पुसले आणि लोकांना म्हणाल्या, "धूळ आहे हो, धूळ! तुम्हीपण खोका की, लाजता कशाला?" आणि सुटल्या. खरंच दोघंतिघं खोकले. स्कूटर चालवता चालवता यजमान रडत होते.

मैदानावर वेगळीच गंमत चालली होती. धावून येणाऱ्यांना ओवाळायचं असं मंडळानं ठरवलं होतं. पण पुढचे गडी निरांजन दिसायच्या आत पसार झालेले. बायका चिडल्या. आता एकाला तरी ओवाळल्याशिवाय सोडायचं नाही, म्हणून तबक घेऊन थेट रस्त्यातच उभ्या राहिल्या. उंबऱ्याच्या आत घेण्याआधी ओवाळायचं, ही आपली रीत. म्हणून उभ्या राहिल्या त्याही शर्यत संपायच्या फितीच्या अलीकडे! आणि आल्या कोण? सगळ्यांत शेवटी, घामानं निथळत, अक्का. तबक सेक्रेटरीणबाईंच्या हातात.

अक्का थांबल्या. पंच बिचारे फितीपाशी ओरडताहेत, "अम्मा, ओडी! ओडी!" म्हणजे पळा, पळा. अक्कांना कानडी का कळत नव्हती? पण त्यांनी मान पुढे केली. "लावा की, कुंकू."

बाईंचं बोट करंड्यात होतं, तिथंच राहिलं. इतक्या दिवसांत कुणी अक्कांना बोट लावलं नव्हतं.  मग बाईंनी पदरानं अक्कांच्या कपाळावरचा घाम टिपला, नीट टिपला, आणि ठसठशीत कुंकू लावून ओवाळलं.

"झालं?" अक्का म्हणाल्या. "आता सरका बघू. माझी शर्यत राहिलीय अजून."

आणि तबकाला वळसा घालून अक्कांनी फीत ओलांडली. टाळ्या अशा पडल्या, की पहिल्या आलेल्याला वाटलं असणार आपलं काहीतरी चुकलं.

पुढे यजमान निवृत्त झाले आणि दोघं बेळगावला गेली. आता अक्काही नाहीत. पण त्याच्या कितीतरी आधी, शर्यतीनंतर थोड्याच दिवसांनी, सेक्रेटरीणबाईंच्या नातवाचं बारसं झालं. अक्का आल्या आणि सवयीनं दाराजवळ बसल्या. पाळण्याच्या एका बाजूला बाळाला घेऊन बाई उभ्या राहिल्या. पाळण्याखालून बाळ घ्यायला पलीकडे कुणीतरी हवं होतं. त्यांची सख्खी जाऊ पुढे झाली. बाई म्हणाल्या, "थांबा. अक्का, तिथं काय बसलात? या, बाळ घ्या."

आयुष्यात कधी पाय न अडलेल्या अक्का पहिल्यांदा अडखळत चालल्या. त्यांनी वाकून दोन्ही हात पुढे केले, बाळ घेतलं आणि छातीशी धरलं.  बाळानं त्यांच्या मंगळसूत्राला मूठ घातली.

"पुणेकरीण," अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझे डोळे पूस की गं. दोन्ही हात गुंतलेत."